कृपा मागावी की न्याय?



ख्रिस्ती प्रचारकाचा विषय निघाला की शिंदखेडा तालुक्यातील आपल्या वस्त्यांत कोणीतरी हटकून विचारतो, "डोक्यावर पाणी शिंपडून पाप जाते काय?" पाठोपाठ थेरीगाथेतील पुण्णिका दासीचा दाखला येतो. स्नानाने पापमुक्ती मिळत असेल तर बेडूक आणि कासवेही मुक्त झाली पाहिजेत, असे तिने थंडीत नदीस्नान करणाऱ्या ब्राह्मणास सुनावले होते. दाखला उत्तम आहे. पण तो येथे लागू पडत नाही. पाण्याला कमी-अधिक महत्त्व देणारे पंथ ख्रिस्ती लोकांत आहेत. परंतु नुसत्या पाण्यात ती शक्ती आहे असे त्यांपैकी कोणीच म्हणत नाही. प्रतिपक्षाने जे म्हटलेच नाही त्याचे खंडन करीत बसणारा वकील दावा घालवतो.

तेव्हा त्यांचे म्हणणे आधी नीट ऐकून घ्या. सर्व मनुष्ये पापी आहेत. पाप म्हणजे एखादे दुष्कृत्य एवढेच नव्हे. ती मनुष्यावर धनीपणा गाजवणारी सत्ता होय. तिच्या तावडीतून स्वतःच्या पुण्याईने सुटता येत नाही. देव ती सुटका ख्रिस्ताच्या मरणाद्वारे विनामूल्य देतो. हीच कृपा, आणि ती विश्वासाने स्वीकारावयाची. पाण्याखाली जाणे हे जुन्या मनुष्याचे दफन आणि वर येणे हे नव्याचे उत्थान, असा बाप्तिस्म्याचा अर्थ पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रावरून लावला जातो. कृपा आहे म्हणून पाप करीतच राहावे काय, हा आडवा प्रश्नही पौलाने स्वतःच उपस्थित करून साफ धुडकावला आहे.

या शिकवणीत बळ नाही असे समजू नका. पंडिता रमाबाईंचे उदाहरण पाहा. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात लिहिले. कृपेचा अनुभव त्यांना त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आला. स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाची वाट बंद करणारी शास्त्रे त्यांनी मुळातून वाचली होती. अशा विदुषीस विनामूल्य व विनाअट सुटकेचा शब्द किती मोठा वाटला असेल! रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची गोष्ट याच्या उलट दिशेने जाते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ साली 'देवाचा दरबार' काढला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही जागा ठेवली.

मात्र हे दोघेही ब्राह्मण घरांतून आलेले. त्यांचा प्रश्न होता, "मी मुक्त कसा होईन?" आपल्या आजोबा-पणजोबांचा प्रश्न निराळा होता. तुमचे हाल हे मागल्या जन्मीच्या पापाचे फळ आहे, असे त्यांना आधीच शिकवले गेले होते. त्याच माणसाला पुन्हा कोणी सांगू लागला की तू पापी आहेस, पण क्षमा मिळेल, तर त्याने विचारावे, "कोणते पाप? पाणवठ्यावर मला अडवणाराचे की माझे?" दया आरोपी मागतो. फिर्यादीला न्याय हवा असतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मग निर्दोष सोडले, तर त्याने आभार कशाचे मानावयाचे? बाबासाहेबांचा आक्षेप याच जागी होता. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरच्या ख्रिस्ती सभेत त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींचे आपल्याला आकर्षण असल्याचे मोकळेपणाने सांगितले. परंतु सामाजिक अन्यायाविरुद्ध हा समाज लढला नाही, हेही तोंडावर सांगितले. पुढे आपल्या ग्रंथात त्यांनी बुद्धास मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हटले. मार्गावर चालणे ज्याचे त्याला भाग आहे. आपल्यातील काहीजण बुद्धमूर्तीला नवस बोलू लागले आहेत, त्यांनी हे वाक्य फिरून वाचावे.

आता कायद्याचे. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. मद्रासच्या एका धर्मांतरित चर्मकाराने सरकारी टपरी मिळावी म्हणून केलेला सुसाई खटला १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. धर्मांतरानंतरही जातीचा जाच तितकाच तीव्र राहिला हे सिद्ध झाले नाही, असे कारण दिले. २०२४ च्या नोव्हेंबरात बाप्तिस्मा झालेल्या पुदुच्चेरीच्या एका महिलेचा दावाही असाच गेला. आपल्याच लोहमार्गावरील नवापूरकडे जे आदिवासी ख्रिस्ती आहेत त्यांच्या सवलती मात्र कायम आहेत, कारण अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. म्हणजे बाप्तिस्म्याच्या पाण्याने पाप गेले की नाही याचा निकाल न्यायालय देत नाही. पण जात गेली, असे मात्र ते कागदावर धरून चालते. गावच्या दफनभूमीला विचारा, ती निराळी साक्ष देईल.

म्हणून ख्रिस्ती दलिताचा हा दावा परक्याचा समजून त्याची थट्टा करू नका. आपल्या आधी दीक्षा घेतलेल्या घरांतील वडीलधाऱ्यांना विचारा, १९९० पूर्वी केंद्राच्या नोकरीचा अर्ज भरताना धर्माच्या रकान्यात काय लिहावे, याचा त्यांनी कितीदा आणि कोणाकोणाशी विचार केला.