यंत्राची साक्ष आणि माणसाचा शब्द

ब्रिटनच्या पार्लमेंटने मे २०२४ मध्ये एक कायदा संमत करून शेकडो नागरिकांच्या शिक्षा एकदम रद्द केल्या. न्यायालयांचे निकाल कायदेमंडळाने असे घाऊक पुसून टाकावेत, ही असाधारण घटना होय. या नागरिकांचा अपराध एवढाच होता की, त्यांच्या हिशेबाचा आणि संगणकाच्या हिशेबाचा मेळ बसत नव्हता.

ब्रिटिश पोस्ट ऑफिसने १९९९ पासून आपल्या हजारो शाखांत ‘होरायझन’ ही हिशेबाची संगणक-प्रणाली बसविली. ती पुरविणारी कंपनी जपानच्या फुजित्सू उद्योगसमूहातील. शाखा चालविणारे सब-पोस्टमास्तर बहुधा छोटे दुकानदार. त्यांच्यामुळे आलेली तूट त्यांनी पदरची भरावी, असा करार. यंत्राने तूट दाखविली की त्यांनी पुंजी मोडून, कर्ज काढून ती भरली. ज्यांना भरता आली नाही, त्यांतील अनेकांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरली. किमान १३ जणांनी या छळापायी जीवन संपविले असावे, असे चौकशी आयोगाच्या जुलै २०२५ च्या अहवालात नमूद आहे.

दोष कसले होते? २०१५ मधील एक उदाहरण पुरेसे आहे. एका शाखेतून दुसरीकडे ८,००० पौंड पाठविल्याची नोंद करताना पडदा जागीच थिजला, म्हणून बटण पुन्हा दाबले गेले. यंत्राने तीच रक्कम चार वेळा लिहिली आणि २४,००० पौंडांची तूट आकाशातून पडली. असे दोष कोणाच्याच ध्यानात आले नव्हते, असेही नाही. प्रणाली शाखांत जाण्यापूर्वीच, १९९८ मध्ये, पुरवठादाराच्या अंतर्गत तपासणीत हिशेबाच्या भागाची आज्ञावली निकृष्ट ठरली होती आणि तो भाग नव्याने लिहावा, अशी सूचना झाली होती. सूचना बाजूला पडली. चाचणी झाली होती; तिचे ऐकणारा कोणी नव्हता.

कायद्यानेही याच सुमारास पाठ फिरविली. १९८४ च्या कायद्यानुसार संगणकाचा कागद पुरावा म्हणून मांडावयाचा, तर तो संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. १९९९ च्या कायद्याने ही अट काढून टाकली आणि यंत्र बरोबरच आहे, असे गृहीत धरले जाऊ लागले. ज्याच्या हाती यंत्राच्या अंतर्गत नोंदी नाहीत, त्यानेच यंत्राचा दोष सिद्ध करावा, असा हा न्याय होता.

आता चाचणीचे शास्त्र पुढे गेले आहे, असे तंत्रज्ञ सांगतील, आणि ते खरेही आहे. आज प्रत्येक बदलानंतर हजारो चाचण्या आपोआप चालविता येतात. नवी आवृत्ती आधी मोजक्या यंत्रांवर सोडून, मगच सर्वत्र पाठविता येते. पण ही शिस्त पाळली जातेच असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलमुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. फाइल तपासणाऱ्या आज्ञावलीतच दोष होता आणि ती फाइल टप्प्याटप्प्याने न पाठविता एकाच वेळी सर्वत्र गेली होती.

दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की खरा प्रश्न उघड होतो. विमान कंपन्या आणि बँका अडल्या तेव्हा चूक त्याच दिवशी मान्य झाली. खेड्यातला दुकानदार अडला तेव्हा ती न्यायालयात सिद्ध होण्यास २०१९ साल उजाडावे लागले. दोष कोणाच्या वाट्याला आला, यावर त्याची दखल ठरली. ‘अशी तक्रार तुमच्या एकट्याचीच आहे,’ असे त्या दुकानदारांतील अनेकांना सांगण्यात येत होते. ॲलन बेट्स यांच्या पुढाकाराने ही विखुरलेली माणसे २००९ मध्ये एकत्र आली, पुढे ५५५ जणांनी मिळून दावा लावला, आणि तेव्हाच यंत्राची खरी परीक्षा झाली.

हा प्रश्न परका नाही. १ जानेवारी २०२३ पासून आपल्या देशात रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी मोबाइलवरील छायाचित्राने, दिवसातून दोनदा, घेण्याची सक्ती झाली. जेथे रेंज नाही तेथे घाम गाळूनही हजेरी लागेना, म्हणून मजुरांना दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरावे लागले. रेशन दुकानातील यंत्राला कष्टाने झिजलेला अंगठा ओळखता येत नाही, तेव्हाही खोटा ठरतो तो अंगठाच.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. मजुरी, धान्य वा पेन्शन ठरविणाऱ्या प्रत्येक प्रणालीच्या चाचण्यांचे निष्कर्ष आणि ज्ञात दोषांची यादी जाहीर व्हावी. वाद झाल्यास यंत्र बरोबर असल्याचे सिद्ध करण्याचा भार यंत्राच्या मालकावर असावा. आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत कोणाचा घास अडवू नये.

कार्यकर्त्यांसाठी काम आजच हाताशी आहे. यंत्राने नाकारलेल्या प्रत्येक माणसाची तक्रार तारीख-वारासह लिहून घ्यावी, तिची पोच घ्यावी आणि गावोगावच्या तक्रारी एकत्र मांडाव्यात. सुटी तक्रार कारकुनाला झटकता येते. पाचशे तक्रारींची वही सरकारलाही झटकता येत नाही.