कर्जमुक्तीची आगाऊ फी

दर्यापूर तालुक्यातल्या बैठकीत एका बाईने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. खाली गोल शिक्का, वर ठळक अक्षरांत ‘कर्जमाफी प्रमाणपत्र’. ‘‘ताई, पाच हजार देल्ले याचे. आता बँकेतला मानूस म्हन्ते, हे चालत नाही.’’ त्या पाच हजारांसाठी तिने कानातलं गहाण टाकलं होतं.

मागून कुणी तरी म्हणालं, ‘‘एवढी कशी भोळी?’’

मैत्रिणींनो, मला संताप येतो तो या वाक्याचा. ती भोळी नाही. कर्जमाफी या राज्यात खरोखर आली आहे : 2008 साली केंद्राची, 2017 मध्ये राज्याची, 2019 च्या डिसेंबरात महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाची. दर वेळी याद्या लागल्या. शेजारणीचं नाव आलं, हिचं आलं नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. नवरा गेला, सातबारावर बोजा तसाच राहिला. उत्तर न देणाऱ्या खिडकीबाहेरच दलाल उभा असतो.

आणि तिला त्याच्याकडे नेलं कुणी? आपल्याच बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी. नावामागे दोनशे रुपये घेऊन. हे लिहिताना मला लाज वाटते, पण झाकून कुणाचं भलं होणार आहे?

अशी प्रमाणपत्रं विकणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केलं होतं. कर्ज माफ होतं ते सरकारी योजनेतून किंवा कर्ज देणाऱ्या बँकेच्या निर्णयाने. तिसऱ्याच्या शिक्क्याला कवडीची किंमत नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बँकेला लेखी तक्रार देऊन तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यालाही फी नाही. बेकायदा सावकाराने गेल्या पंधरा वर्षांत जमीन लिहून घेतली असेल, तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून ती परत मागता येते.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. आपण मेळाव्यात ते सांगतोही. पण बँकेच्या बाकावर तिच्यासोबत दिवसभर बसतं कोण? दलाल बसतो. म्हणून ती त्याचं ऐकते.

तेव्हा प्रत्येक गटाने दोन गोष्टी ठरवाव्यात. कामाआधी पैसे मागणाऱ्याला गटात पाऊल ठेवू द्यायचं नाही, मग तो आपल्या ताईचा भाऊ का असेना. आणि बँकेत, उपनिबंधकाकडे, पोलीस ठाण्यात कुठलीही बाई एकटी जाणार नाही.

त्या बाईसोबत आम्ही तिघी ठाण्यात गेलो. तक्रार नोंदवून घ्यायला चार तास लागले. आम्ही उठलो नाही.