राऊंडच्या वेळी नातेवाईक जिन्यावर का?

सकाळचे नऊ वाजले की आमच्या मेडिसिन वॉर्डात पुकारा होतो, ‘राऊंड आहे, नातेवाइकांनी बाहेर थांबा!’ डबे, पिशव्या, चटया आवरत माणसं जिन्यावर जाऊन बसतात. मग आम्ही डॉक्टर खाटेजवळ उभे राहून विचारतो, रात्री झोप लागली का, लघवी किती झाली, काही खाल्लं का? गुंगीतला रुग्ण काय सांगणार? ज्याला ठाऊक आहे तो जिन्यावर असतो. सरकारी रुग्णालयात पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी हा पुकारा ऐकतो आहे. त्यातली बरीच वर्षं मलाही तो योग्यच वाटत होता.

मत बदललं ते पक्षाघाताच्या एका रुग्णामुळे. साठीचे गृहस्थ, सुधारत होते. मुलगा रात्रंदिवस उशाशी. एका रात्री वडिलांनी पाणी मागितलं आणि त्यानं ते आडवे असतानाच पाजलं. पक्षाघातात अनेकदा गिळण्याची क्रिया बिघडते आणि पाणी श्वासनलिकेत उतरतं. दोन दिवसांत न्यूमोनिया झाला, आयसीयूत हलवावं लागलं. सुदैवाने ते वाचले. मुलावर मी खेकसलो, तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘साहेब, पाणी द्यायचं नाही हे मला कुणी सांगितलंच नाही.’ केसपेपरवर सूचना होती, पण इंग्रजीत. चूक त्याची नव्हती, आमची होती.

आपल्याकडे रुग्णाची कूस बदलणं, भरवणं, अंग पुसणं, सलाइन संपत आल्यावर धावत जाऊन सिस्टरना सांगणं, ही सगळी कामं नातेवाईक करतातच. म्हणजे कुटुंब शुश्रूषेत आधीपासूनच आहे, फक्त न शिकवता. रुग्ण आणि कुटुंब केंद्रस्थानी ठेवणारी परिचर्या म्हणजे गोड बोलणं नव्हे. माहिती देणं, काम शिकवणं आणि निर्णयात विचारात घेणं, असा तिचा साधा अर्थ आहे.

नातेवाईक आत आले तर जंतुसंसर्ग वाढेल, ही नेहमीची भीती. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेला आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत बोलका आहे. एक किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या किंवा घरच्या दुसऱ्या व्यक्तीच्या छातीशी ठेवलं. त्यासाठी अतिदक्षता कक्षातच आईची खाट लावली. पहिल्या २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के होतं, या पद्धतीत १२ टक्के. जंतुसंसर्गाची शंका आलेली बाळंही कमीच होती. नवजात बाळांच्या कक्षात आईवडिलांना शिकवून सहभागी करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१७ मध्येच काढल्या आहेत. बाळांच्या कक्षात जे जमतं, ते मोठ्यांच्या वॉर्डात का जमू नये?

आमच्या वॉर्डातल्या एका ज्येष्ठ सिस्टरनी ते करून दाखवलं. नळीतून भरवायच्या आधी डोक्याकडची बाजू किती उचलायची, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, खोकला आला तर कधी थांबायचं, हे त्या आधी स्वतः करून दाखवतात. मग म्हणतात, ‘ताई, आता तुम्ही करा, मी बघते.’ या शेवटच्या वाक्यातच सगळं आलं. नुसतं ‘समजलं का?’ विचारलं की आपल्याकडे सगळेच मान हलवतात.

पण त्यासाठी सिस्टरना वेळ हवा. शिक्षण रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. प्रत्यक्षात रात्रपाळीला चाळीस-पन्नास रुग्णांमागे दोघी असतील, तर इंजेक्शनं आणि नोंदी यांतच रात्र सरते. म्हणून एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. कुटुंबाचा सहभाग ही परिचारिकांच्या रिक्त जागांवरची पळवाट होता कामा नये. नातेवाईक मदतनीस आहे, बदली कर्मचारी नव्हे. रोजगार बुडवून बसलेल्या माणसावर वॉर्डचा भार टाकणं हा अन्यायच.

दुसरं भान रुग्णाचं. सासूसमोर सुनेला, मुलासमोर बापाला काही गोष्टी बोलायच्या नसतात. सोबत कोण हवं आणि त्याला काय सांगायचं, हे शुद्धीवर असलेल्या रुग्णालाच आधी विचारायला हवं.

रिक्त पदं भरणं सरकारच्या हातात आहे आणि ती मागणी आम्ही डॉक्टरांनीही परिचारिकांसोबत लावून धरली पाहिजे. पण काही गोष्टींना शासन निर्णय लागत नाही. राऊंडला रुग्णाच्या पसंतीचा एक नातेवाईक खाटेजवळ राहू द्यावा. ‘तोंडाने काही देऊ नका’ ही पाटी खाटेवर मराठीत लावावी. घरी सोडताना गोळ्यांच्या वेळा त्यांच्याकडूनच वदवून घ्याव्यात. आमच्या युनिटच्या राऊंडला आता एक नातेवाईक थांबतो. राऊंड थोडा लांबतो खरा, पण रात्री काय घडलं ते आम्हाला सकाळी कळतं.