घरच्या घरी: बॅटला तेल कोणतं आणि किती?



पितळी समया, लोकरीचे स्वेटर, लोणच्याच्या बरण्या यांची काळजी आपण नेहमीच घेतो. क्रिकेटच्या बॅटची पाळी या सदरात कधी येईल असं मात्र वाटलं नव्हतं. पण इंदापूर तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आणि वाटलं, हा विषय घ्यायलाच हवा.

त्या लिहितात: 'मुलगी नववीत आहे, सीझन बॉलनं खेळते. दोन म्हशींच्या दुधाच्या पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून तिला बॅट घेतली. पोरीच्या जातीला बॅट कशाला, असं घरात सगळ्यांचंच म्हणणं होतं. दुकानदारानं "तेल पाजा" एवढंच सांगितलं. मी घरातलं शेंगतेल भरपूर चोळलं आणि रात्रभर बॅट तेलाच्या डब्यात उभी करून ठेवली. आता ती चिकट झालीय, जड लागते, वासही येतो. मुलगी काही बोलत नाही, पण तिचा चेहरा उतरलाय. काही करता येईल का?'

ताई, बरंच काही करता येईल. ते पुढे सांगतेच. पण तुमच्यासारख्या पुष्कळजणी आहेत, म्हणून सगळ्यांसाठीच पहिल्यापासून सांगते. आपल्या भागात आता क्रिकेट म्हणजे नुसता गल्लीतला खेळ राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांचा रणजी सामना झाला. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकल्यापासून 'मलाही बॅट हवी' म्हणणाऱ्या मुली घरोघर आहेत. बॅट घरात आली, की तिची निगा कुणीतरी शिकायलाच हवी.

हे लाकूड कसलं?

चांगली बॅट विलो नावाच्या झाडाच्या लाकडाची असते. आपल्याकडे नदी-ओढ्याकाठी वाळुंजाचं झाड असतं ना, विलो त्याच कुळातला. पाण्याकाठी वाढणारं, हलकं आणि तंतूमय लाकूड. इंग्लंडच्या विलोची बॅट महाग, काश्मीरच्या विलोची त्या मानानं परवडणारी. काश्मीरमध्ये अनंतनाग जिल्ह्यातल्या संगम, बिजबेहारा या भागात रस्त्याच्या कडेला बॅटच्या लाकडांच्या चळती रचलेल्या दिसतात. मेरठ आणि जालंधर इथंही बॅटचे मोठे कारखाने आहेत. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी तिथं हा धंदा रुजवला.

या लाकडात थोडा ओलावा असावा लागतो, साधारण दहा-बारा टक्के. त्यामुळे ते लवचीक राहतं आणि चेंडूचा मार सोसतं. ओलावा पार गेला की लाकूड ठिसूळ होतं आणि चिरतं. फार झाला की फुगतं आणि जड होतं. आपली लाकडी काथवट उन्हात राहिली की तडकते आणि पाण्यात राहिली की फुगते, तसंच. तेल लावायचं ते आतला ओलावा टिकावा आणि बाहेरचं पाणी आत शिरू नये म्हणून. लाकडाला तेल 'पाजायचं' नसतं, वरच्या थरात जिरवायचं असतं.

तेल जवसाचंच का?

तेलांमध्ये दोन जाती असतात. काही तेलं हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू सुकतात आणि त्यांचा पातळ, कडक पापुद्रा बनतो. जवसाचं, म्हणजेच अळशीचं तेल असं आहे. म्हणून तर पूर्वीपासून रंगात आणि लाकडाच्या पॉलिशात ते वापरतात. दुसरी तेलं कधीच सुकत नाहीत. खोबरेल, शेंगतेल, मोहरीचं तेल ही त्यातली. ती लाकडात तशीच ओली राहतात, धूळ धरतात, खवट होतात. एरंडेल तर इतकं दाट की नीट जिरतही नाही. आपल्या जिरायती पट्ट्यातल्या करडईचं तेल सुकणाऱ्यांपैकी आहे, पण जवसापेक्षा त्याला वेळ फार लागतो. जवसाचं मिळत असताना दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

जवसाचं तेल घेतानाही एक बघा. रंगाच्या दुकानात 'डबल बॉईल्ड' म्हणून मिळतं ते नको. ते लवकर सुकावं म्हणून त्यात इतर द्रव्यं घातलेली असतात आणि ते आत जिरायच्या आधीच वर सुकून बसतं. आपल्याला कच्चं तेल हवं. खेळाच्या दुकानात लहान बाटली मिळते. नाहीतर लाकडी घाण्यावर काढलेलं खाण्याचं जवसाचं तेलही चालतं. तेवढी एक छोटी बाटली दोन-तीन हंगाम पुरते.

आधी बॅट नीट बघा

हल्ली पुष्कळ बॅटींच्या तोंडावर पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. त्या पट्टीवर तेल जिरत नाही आणि तिच्या कडेनं आत गेलं तर ती सुटते. अशा बॅटला फक्त उघड्या लाकडावर, म्हणजे मागच्या बाजूला आणि टोकाला, अगदी थोडं तेल लावावं. बॅटीवर रंग किंवा वॉर्निश असेल तर तेलाचा उपयोगच नाही. टेनिस बॉलच्या स्वस्त बॅटी बहुधा अशाच असतात. त्या कोरड्या ठेवल्या की झालं.

तेल लावायची रीत

१. बॅट कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. खाली जुनं वर्तमानपत्र पसरा.

२. चहाचा एक चमचा तेल घ्या. मोठ्या माणसाच्या बॅटला फार तर दीड. जुन्या मलमलीच्या फडक्यावर घेऊन बॅटचं तोंड, दोन्ही कडा, पाठ आणि खालचं टोक इथं बोटांनी चोळा. बाळाच्या अंगाला तेल जिरवतो, तसं.

३. दांड्याला तेल लावू नका. दांडा वेताचा असतो आणि इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेत सरसानं बसवलेला असतो. तिथं तेल गेलं की सरस सुटतो आणि दांडा हलायला लागतो. कंपनीच्या चिठ्ठ्यांवरही तेल नको.

४. मग बॅट आडवी ठेवा, तोंड वर करून. उभी ठेवली तर सगळं तेल टोकाशी उतरतं आणि टोक जड होतं. दिवसभर सावलीत, वाऱ्याच्या जागी राहू द्या.

५. दुसऱ्या दिवशी वर राहिलेलं तेल पुसून टाका. हात फिरवून बघा. लाकूड अजून कोरडं, खरखरीत लागत असेल तरच दुसरा हात द्या. नव्या बॅटला असे दोन, फार तर तीन हात पुरतात. त्यानंतर वर्षातून एक-दोनदा एकेक पातळ हात.

फडक्याची काळजी: हे विसरू नका

जवसाचं तेल सुकताना त्यातून उष्णता निघते. तेलानं भिजलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात, डब्यात किंवा जुन्या कपड्यांच्या ढिगात टाकलं, तर ती उष्णता आत कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. काडी लावायचीही गरज नसते. सुतारांच्या आणि रंगाऱ्यांच्या कामाच्या जागी अशा आगी लागलेल्या आहेत. म्हणून काम झालं की फडकं लगेच पाण्यात बुडवा, नाहीतर अंगणात मोकळं पसरून पूर्ण वाळवा आणि मगच टाका. मुलांनाही हे बजावून सांगा.

चुकीचं तेल लागलंच असेल तर

आता इंदापूरच्या ताईंचा प्रश्न. प्रथम कोरड्या सुती फडक्यानं बॅट दाबून दाबून पुसा. फडकं तेलकट झालं की बदला. मग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आडवी ठेवा आणि रोज कागद बदला. आठ-दहा दिवसांत कागद बरंच तेल ओढून घेईल. कागदावर डाग उमटेनासे झाले की अगदी बारीक पॉलिश पेपर घेऊन, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, हलक्या हातानं वरचा चिकट थर काढा. उन्हात वाळवू नका, निखाऱ्याजवळ धरू नका, साबणाच्या पाण्यानं धुऊ नका. महिनाभर तरी दुसरं कुठलंच तेल लावू नका. खाली टोकाशी तेल जास्त मुरलेलं असणार, ते सगळं निघणार नाही. बॅट थोडी जड राहील. पण ती वाया गेलेली नाही, पोरीला खेळता येईल. आणि ताई, हे काम करताना तिलाच जोडीला बसवा. तुम्ही एवढी खटपट करताय हे तिला दिसू दे.

तेलानंतर ठोकणं

सीझन बॉलच्या नव्या बॅटला तेल लावून भागत नाही. तेल जिरल्यावर ती ठोकून तयार करावी लागते. त्यासाठी लाकडी हातोडी मिळते, नाहीतर मोज्यात घातलेला जुना सीझन बॉलही चालतो. सुरुवात अगदी हलक्या हातानं, मग हळूहळू जोर वाढवत न्यायचा. जिथं चेंडू लागतो ती मधली जागा नीट ठोकावी. कडांवर तिरक्या हातानं टोले द्यावेत म्हणजे त्या गोलसर दबतात. खालच्या टोकावर आणि दांड्याच्या जोडावर मात्र ठोकू नये. एकूण पाच-सहा तासांचं काम आहे. रोज पंधरा मिनिटं धरली तरी तीन-साडेतीन आठवडे जातात. घरात ठकठक होते हे खरं, तेव्हा दुपारच्या झोपेची वेळ सोडून करायला सांगा. नंतर काही दिवस जुन्या, मऊ झालेल्या चेंडूवर खेळून मगच बॅट नव्या चेंडूसमोर न्यावी.

आपल्याकडची हवा

बारामती-इंदापूरकडे पाऊस मुळात कमी आणि चैत्र-वैशाखातलं ऊन कोरडं, कडक. या दिवसांत पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर किंवा गच्चीवर ठेवलेली बॅट हमखास चिरते. मोटारसायकलला बांधून दिवसभर उन्हात ठेवलेलीही. आतल्या खोलीत, भिंतीपासून थोडी दूर, सावलीत ठेवा. उन्हाळ्याच्या तोंडावर एक पातळ हात तेलाचा द्या.

थंडीत उलटं. सकाळी मैदानावर दव असतं, कालव्याच्या पट्ट्यात तर जास्तच. बॅट जमिनीवर टेकवून उभं राहायची सगळ्यांना सवय, त्यामुळे टोक पाणी पितं, फुगतं आणि फुटतं. घरी आल्याबरोबर टोक पुसायची सवय मुलांना लावा. पावसाळ्यात बॅट गार फरशीवर उभी करू नका आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत बुरा येतो. जुन्या पॅंटचा एक पाय कापून खालचं तोंड शिवून टाका, वर नाडी घाला. हवा खेळती राहणारी छान पिशवी होते.

तोंडावर केसासारख्या बारीक रेघा आल्या तर घाबरू नका. खेळलेल्या बॅटला त्या येतातच. चीर उघडून नख आत जायला लागलं, की सुताराचा सरस भरून, पट्टी बांधून एक दिवस ठेवा. दांड्यातून कर्रकर्र आवाज आला तर घरी ठोकाठोकी न करता बॅट दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. दांडा बदलून मिळतो, पूर्ण नवी बॅट घ्यावी लागत नाही.

दुरुस्त केलेली बॅट म्हणजे कमीपणा, असं मुलांना वाटू देऊ नका. सांगलीच्या स्मृती मंधानानं २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाकडून गुजरातविरुद्ध नाबाद २२४ धावा केल्या, त्या राहुल द्रविडनं तिच्या भावाला दिलेल्या सरावाच्या बॅटनं. ती बॅट तिनं पुढेही वापरली, दोनेकदा दुरुस्तही करून घेतली. आणि आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगमध्ये उतरली, तेव्हा तिच्या बॅटवर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं. तिनं स्वतःच्या हातानं 'एमएसडी ०७' एवढंच लिहिलं होतं, आणि त्या सामन्यात ५३ धावा केल्या.

एकदा शिकवलं की हे काम दहा-बारा वर्षांचं मूलही करतं. तेव्हा पहिल्या वेळी तुम्ही शेजारी बसा, चमचा तुमच्या हातात ठेवा. दुसऱ्या वेळी चमचा त्यांच्या हातात द्या. फडकं पाण्यात बुडवलं की नाही, तेवढं मात्र दर वेळी स्वतः बघा.

पुढच्या आठवड्यात: पावसाळ्याआधी गाद्या-उशा कशा वाळवाव्यात.