कुलूप कोणी पुरवावे?

मोटारीस धोक्याची घंटा लावा, स्टिअरिंगला अडसर घाला, असा उपदेश मालकास नित्य केला जातो. तो योग्य असला तरी अपुरा आहे. अमेरिकेत २०२१ नंतर ह्युंदाई व किया मोटारींच्या चोऱ्यांचा सुळसुळाट झाला. खरी किल्ली ओळखल्यावाचून इंजिन चालू न देणारा इमोबिलायझर त्यांच्या २०१५ च्या अवघ्या २६ टक्के मॉडेलांत प्रमाणभूत होता. इतर उत्पादकांच्या ९६ टक्के मॉडेलांत तो होता. शेजारच्या कॅनडाने २००७ मध्येच तो नव्या मोटारींना सक्तीचा केला होता. चोऱ्या वाढल्यावर या कंपन्यांनी अडसर फुकट वाटले. बैल गेला आणि झोपा केला! उत्पादकाच्या काटकसरीचा भुर्दंड ग्राहकाने का सोसावा? त्यास आवर कायद्यानेच घातला पाहिजे.