मर रोगावर जिवाणू चालतात, पेरणीआधी द्या

सोनई परिसरात हरभऱ्याची झाडे माना टाकू लागली की कुणीतरी सांगतोच, ‘ते जिवाणू-बिवाणू काही खरं नाही, बुरशीनाशक सोडा.’ जिवाणूंची पिशवी आणून टाकली आणि तरीही झाडे वाळली, हे अनेकांनी पाहिले आहे. अनुभव खरा, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा.

मर रोगाची फ्युजेरियम बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिका बंद पाडते. झाड सुकलेले दिसते तेव्हा आत रोग पसरलेला असतो. त्या झाडाला बुरशीनाशकही वाचवू शकत नाही. मग दोष एकट्या जिवाणूला का? शिवाय ही बुरशी हरभरा नसतानाही मातीत वर्षानुवर्षे टिकते. सगळ्या वावराला औषध पाजणे कुणाला परवडेल?

‘आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात हे चालत नाही,’ हा दुसरा आक्षेप. खरे तर अशाच रानात त्याला वाव अधिक. सामू जास्त असला की मातीतले लोह सहज मिळत नाही. स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू लोह पकडणारी सिडेरोफोर नावाची द्रव्ये सोडतो, असलेले थोडके लोह स्वतःकडे ओढतो आणि बुरशीची उपासमार होते. काही जमिनींत मर का येत नाही, याचे एक कारण म्हणून क्लोपर आणि सहकाऱ्यांनी 1980 साली हेच मांडले. बॅसिलस सबटिलिस हा दुसरा जिवाणू बुरशीला मारक प्रतिजैविके तयार करतो.

तिसरी तक्रार मालाच्या दर्जाची, आणि ती मला पूर्ण मान्य आहे. स्युडोमोनास बीजाणू करत नाही, त्यामुळे उन्हात तापलेल्या गोदामात तो मरतो. नोंदणी क्रमांक आणि अंतिम तारीख पाहिल्याशिवाय पिशवी घेऊच नये. ताम्रयुक्त औषधात तो मिसळणे म्हणजे पैसे पाण्यात.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे विजय किंवा दिग्विजय यांसारखे मर-प्रतिकारक वाण निवडा. किलोभर बियाण्याला 10 ग्रॅम स्युडोमोनास चोळा, बी सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. साखर कारखान्याचा प्रेसमड चांगला कुजवून त्यातूनही हा जिवाणू जमिनीत देता येतो. पीक फेरपालट मात्र सोडू नका.

येत्या रब्बीत चार ओळी प्रक्रियेविना ठेवा, बाकीच्या प्रक्रिया करून पेरा, आणि दोन्हींतली मेलेली झाडे स्वतः मोजा.