पाहुणा की घरचा?

परदेशी राहणारा माणूस सुट्टीत मायदेशी येतो, तेव्हा त्याच्या हाताशी दिवस थोडे असतात आणि भेटावयाची माणसे पुष्कळ असतात. दोन-तीन आठवड्यांच्या रजेतील बरेच दिवस प्रवासात, कागदपत्रांच्या कामात आणि खरेदीत निघून जातात. काका, आत्या, मावशी, चुलत आणि मावस भावंडे यांच्या वाट्याला उरतो तो एक शनिवार आणि एक रविवार. या दोन दिवसांचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. पण ज्या घरातील वृद्ध माणसे वर्षभर या दोन दिवसांची वाट पाहत असतात, त्या घरात तो किरकोळ राहत नाही.

बंगळुरू शहरातील मराठी कुटुंबांना हा प्रश्न चांगलाच परिचयाचा आहे. या शहराचा आणि मराठी माणसांचा संबंध जुना आहे. १६३८ साली विजापूरच्या आदिलशाही फौजेने हे शहर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मल्लेश्वरम भागातील काडु मल्लेश्वर मंदिराला व्यंकोजीराजांनी दिलेल्या दानाचा १६६९ सालचा शिलालेख आहे. शहाजीराजे बंगळुरूत आणि जिजाबाई बाल शिवाजीसह पुण्यात, असे राजघराणेही दोन ठिकाणी विभागलेले होते. तेव्हा कर्तव्यासाठी कुटुंबाने दूर दूर राहणे या शहराला नवे नाही. पुढील काळातही निरनिराळ्या निमित्तांनी मराठी कुटुंबे येथे येत राहिली. त्यांच्या घरात कन्नड वळणाची मराठी बोलली जाते, अंगणात कन्नड बोलली जाते, आणि घरची पुरणपोळी शेजारच्या घरी ‘होळिगे’ या नावाने पोहोचते.

गेल्या काही दशकांत याच शहरातून परदेशी जाणाऱ्यांची संख्या वाढली. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस ही कंपनी १९८३ मध्ये बंगळुरूला आली. अशा अनेक कंपन्यांमुळे हे शहर संगणक व्यवसायाचे मोठे केंद्र बनले, आणि येथील तरुणांना अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया या देशांचे दरवाजे उघडले. मराठी घरांतील मुलेमुलीही त्यांत होत्या. त्यांचे आईवडील, काका आणि आत्या मात्र येथेच राहिल्या.

अंतराची अडचण आता पूर्वीइतकी उरलेली नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या, त्या १८८६ च्या अखेरीस परतल्या. मधल्या काळात सुट्टीत घरी येणे ही कल्पनाही शक्य नव्हती. पत्र पोहोचण्यासच कित्येक आठवडे लागत. परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. आप्तांचा सहवास त्यांना लाभला तो एवढाच. याउलट, २०२१ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले पहिले थेट विमान सुमारे १४ हजार किलोमीटरचे अंतर अवघ्या सतरा तासांत कापून बंगळुरूला उतरले. आनंदीबाईंच्या काळी जे महिन्यांचे काम होते, ते एका दिवसाचे झाले. प्रवास सोपा झाला. पण त्याबरोबर भेट अधिक अर्थपूर्ण झाली का, हे तपासून पाहिले पाहिजे.

अशा एका भेटीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. अमेरिकेत राहणारा भाचा शुक्रवारी रात्री देवनहळ्ळीच्या विमानतळावर उतरतो. शनिवारी सकाळी मल्लेश्वरमला काकांकडे, दुपारी राजाजीनगरला मावशीकडे, संध्याकाळी बसवनगुडीला आणि रात्री जयनगरला आत्याकडे, असा त्याचा बेत ठरलेला असतो. दिवसाचा मोठा भाग रस्त्यावरच्या वाहनांच्या गर्दीत जातो. प्रत्येक घरी तेच प्रश्न विचारले जातात आणि तीच उत्तरे दिली जातात. चॉकलेटचा डबा हाती ठेवला जातो, छायाचित्र काढले जाते. आत्याने सकाळपासून खपून स्वयंपाक केलेला असतो. पण तीन घरचे खाऊन आलेला भाचा ताटातले दोन घास कसेबसे खातो आणि घड्याळाकडे पाहतो. अर्ध्या तासाने तो निघतो. आत्याला त्याला एक कागद दाखवायचा असतो. हयातीचा दाखला वेळेवर न दिल्यामुळे निवृत्तिवेतन थांबल्याचे ते बँकेचे पत्र असते. ‘एवढ्या लांबून आलाय, त्याला कशाला त्रास द्यायचा?’ असे म्हणून ती तो कागद पुन्हा कपाटात ठेवते.

या भेटीत कोणाचाही हेतू वाईट नाही. भाच्याला सर्वांना भेटायचे होते आणि आत्याला त्याचे स्वागत करायचे होते. तरीही जे व्हायला हवे होते ते राहूनच गेले. याचे कारण असे की, भाचा पाहुणा म्हणून आला आणि आत्यानेही त्याला पाहुणा म्हणूनच वागवले. पाहुण्याला ताट वाढले जाते, अडचण सांगितली जात नाही. पाहुणा दिवाणखान्यात बसतो. त्याला स्वयंपाकघरातील गळका नळ दिसत नाही.

यावर काहीजण म्हणतील की, परदेशातील मुले घराला विसरलेली नाहीत; ती पैसे पाठवतात. हे खरेच आहे. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार, परदेशी राहणाऱ्या भारतीयांनी २०२४ या एका वर्षात सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. जगातील कोणत्याही देशाकडे येणाऱ्या अशा रकमेपेक्षा ही रक्कम मोठी आहे. या पैशांतून औषधे येतात, घराचे हप्ते फिटतात, भावंडांची शिक्षणे होतात. पैशाला कमी लेखणे हा कृतघ्नपणा ठरेल. परंतु आत्याचे बँकेतील काम पैशाअभावी अडले नव्हते. सोबत येणाऱ्या माणसाअभावी ते अडले होते.

दुसरे काहीजण म्हणतील की, आता दूरध्वनीवर रोज चेहरा दिसतो, मग प्रत्यक्ष भेटीचे एवढे महत्त्व कशाला? रोजच्या बोलण्याने नाते ओले राहते, यात शंका नाही. पण दूरध्वनीवर विचारले की वृद्ध माणसे ‘बरे आहे’ असेच सांगतात. घर मात्र खरे बोलते. गोळ्यांची न संपलेली पाकिटे, जिन्यातला बंद पडलेला दिवा, न भरलेले वीजबिल, न्हाणीघरात आधाराला नसलेली कडी, या गोष्टी घरात वावरणाऱ्यालाच दिसतात. त्यासाठी त्या घरी एक रात्र राहावे लागते.

कायद्यालाही या प्रश्नात लक्ष घालावे लागले आहे. २००७ साली भारताच्या संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी आणि कल्याणासाठी कायदा केला. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही तो लागू आहे. अपत्य नसलेल्या वृद्धाची मालमत्ता ज्यांना मिळायची आहे, अशा नातेवाइकांवरही तो जबाबदारी टाकतो. चीनने तर २०१३ मध्ये लागू झालेल्या कायद्यातील बदलाद्वारे, दूर राहणाऱ्या कुटुंबीयांनी वृद्धांना वारंवार भेटावे किंवा त्यांची विचारपूस करावी, असे सांगितले. कायदा निर्वाहाची रक्कम ठरवू शकतो. पण भेटीला आलेल्या माणसाने घड्याळाकडे पाहू नये, असा हुकूम कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. ते काम माणसालाच करावे लागते.

मग दोन दिवसांत काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे घरांची संख्या कमी करावी. सर्व आप्तांना एखाद्या घरी एकत्र बोलवावे आणि ज्या घरी वृद्ध किंवा आजारी माणूस आहे, तेथे मुक्काम करावा. दुसरी गोष्ट म्हणजे हाताने काही काम करावे. बाजारातून भाजी आणावी, दिवा बदलावा, कागद वाचून दाखवावेत. हयातीचा दाखला आता मोबाइलवरूनही देता येतो. तो कसा द्यायचा, हे आत्याला शेजारी बसून दाखवण्यास तासभर पुरतो. ‘मी जिवंत आहे’ हे ती दरवर्षी नोव्हेंबरात बँकेला कळवते. आपल्या माणसांनीही ते विचारावे, एवढीच तिची अपेक्षा असते.

तिसरी गोष्ट मुलांविषयीची आहे. परदेशात वाढलेल्या मुलाची मराठी इंग्रजी वळणाची असते, तर बंगळुरूतील त्याच्या भावंडांची कन्नड वळणाची असते. ‘बोला, बोला’ म्हणून ती बोलत नाहीत. पण त्यांना पुरण वाटायला बसवावे, शेंगा सोलायला द्याव्यात, आजीची चाळिशी शोधायला सांगावे, म्हणजे शब्द आपोआप येतात. ‘आत्या’ आणि ‘मावशी’ या दोन्हींसाठी इंग्रजीत एकच शब्द आहे. त्यांतील फरक मुलांना शब्दकोशातून कळत नाही, तो त्या दोघींच्या घरी राहून कळतो.

घरच्या मंडळींचेही काही कर्तव्य आहे. ‘आमच्याकडे आलाच नाही’, ‘त्यांच्याकडे जेवला, आमच्याकडे नुसता चहा घेतला’ अशा मानपानाच्या हिशोबामुळेच येणाऱ्याला घरोघर पळावे लागते. हा हिशोब ज्येष्ठांनी स्वतःहून मिटवावा. पक्वान्नांऐवजी भाकरी-पिठले करावे आणि वाचलेल्या वेळात मनातले बोलावे. काम सांगताना संकोच करू नये. काम सांगणे हाही आपलेपणाचाच एक प्रकार आहे.

हा विचार केवळ विमानाने येणाऱ्यांपुरता नाही. कोकणातून आखाती देशांत गेलेला कारागीर दीर्घ काळाने घरी येतो. सोलापूरहून किंवा बेळगावहून बंगळुरूत कामाला आलेला मजूर सणापुरता गावी जातो. रजा दोघांचीही थोडी असते आणि अपेक्षा सर्वांच्याच मोठ्या असतात. कोण किती दिवस राहील, हे मालक, परवाना आणि तिकीट ठरवतात. आलेला माणूस त्या दिवसांत घरात कसा वावरेल, हे मात्र त्याच्या आणि घरच्यांच्या हाती असते.

रविवारी रात्री पिशव्या भरल्या जातात. लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळली जाते. निघताना आत्या कपाटातून तो कागद काढून भाच्याच्या हाती निःसंकोचपणे देऊ शकली, तर ती भेट सार्थकी लागली असे समजावे.